२२ चं फॅक्टोरियल २१ च्या फॅक्टोरियलपेक्षा लहान कसं? (मोठे पूर्णांक छापण्याबद्दल)

खडीसाखर · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मी हिशेबनीस आहे, प्रोग्रामर नाही, तेव्हा सांभाळून घ्या. भाची सुट्टीला आली आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. असाइनमेंट अशी की सी भाषेत फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार, खूण !) काढायचं आणि उत्तर ६४ बिटांत मावत नसलं तरी पूर्ण छापायचं. तिने एक अॅरे घेतला. प्रत्येक खणात एक अब्जाच्या आतला आकडा, गुणाकारात त्याहून मोठा झाला की हातचा पुढच्या खणात. छापताना वरच्या खणापासून खालपर्यंत एकामागे एक.

२०! पर्यंत सगळं चोख. मग हे आलं:

२१! = ५१९०९४२१७१७०९४४००००
२२! = ११२४७२७७७७६०७६८००००

२१! ला २२ ने गुणल्यावर उत्तर कमी झालं! आमच्या धंद्यात असं झालं तर ऑडिटर घरी येतो. पोरगी दोन दिवस गुणाकाराचा भाग तपासते आहे, हातच्यात चूक सापडत नाही.

दुसरं. पडताळा घ्यायला पायथनमध्ये २०००! काढलं, तर ते छापायलाच तयार नाही. मर्यादा ओलांडली, ४३०० अंक, असं काहीतरी म्हणतं. पण तोच आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळा चिन्हांच्या अंकलेखनात, मागितला तर मुकाट्याने पानभर छापून देतं. आकडा तोच, मग एका लिपीत चालतो आणि दुसरीत नाही, हा काय प्रकार?


पायलीचे_पंधरा · रविवार, रात्री १०:०५

ताई, गुणाकार बरोबर आहे. भाचीला सांगा, गुणाकाराच्या कोडला हात लावू नकोस. चूक छापण्यात आहे.

२२! तिच्या अॅरेत असं बसलंय:

११२४ | ७२७७७७ | ६०७६८००००

मधल्या खणात सात लाख सत्तावीस हजार सातशे सत्त्याहत्तर आहे. खण मात्र नऊ अंकांचा. म्हणजे कागदावर तो ०००७२७७७७ असा उतरायला हवा. तिने साधा आकडा छापला, पुढची तीन शून्यं गळाली, आणि सगळ्यात वरचे ११२४ तीन घरं उजवीकडे सरकले. खरं उत्तर: ११२४०००७२७७७७६०७६८००००. बावीस अंकी.

२१! मध्ये तेच, फक्त एक शून्य गळालंय: ५१ | ०९०९४२१७१ | ७०९४४००००.

सगळ्यात वरचा खण सोडून बाकी प्रत्येक खण नऊ घरं भरून छापायचा, डावीकडे शून्यं घालून. एका ओळीची दुरुस्ती आहे.

मजा बघा. १३! ते २०! मध्ये एकाही खालच्या खणाची सुरुवात शून्याने होत नाही. आणि २०! हेच ६४ बिटांत मावणारं शेवटचं फॅक्टोरियल. म्हणजे साध्या व्हेरिएबलशी ताडून बघता येतं तिथपर्यंत चूक दबा धरून बसली, आणि ताडायची सोय संपली त्याच पायरीवर बाहेर आली. असाइनमेंट देणाऱ्या मॅडमनी मुद्दाम केलं असेल तर त्यांना दंडवत.


खडीसाखर · रविवार, रात्री १०:३१

अहो!!! झालं. पोरगी नाचते आहे. लेजरमध्ये "पाच रुपये सात पैसे" हे ५.७ लिहिण्यातली चूक आहे ही. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक कारकून ती एकदा करतोच.

पायथनचं कोणीतरी सांगा.


रिकामटेकडा_१९ · रविवार, रात्री १०:५०

५७३६ अंकी आकडा छापून करायचंय काय? वाचणार कोण? २०००! ची गरज आयुष्यात कोणाला पडली आहे?


पायलीचे_पंधरा · रविवार, रात्री १०:५८

तुम्ही बँकेचं पान उघडता तेव्हा ब्राउझर शेकडो अंकी संख्यांशीच खेळत असतो. मजकूर कुलूपबंद करणारी २०४८ बिटांची आरएसए किल्ली दशमानात ६१७ अंकांची होते. वाचत कोणी नाही, पण लिहावी लागते, फाईलमध्ये ठेवावी लागते, पलीकडे पाठवावी लागते.


श्टुटगार्टचा_सदू · रविवार, रात्री ११:२०

पायथनबद्दल मी लिहितो, जरा लांबेल.

ती ४३०० ची मर्यादा आधी नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती म्हणून आली आणि ३.७ पासूनच्या जुन्या आवृत्त्यांनाही लावली. कारण असं की कोणीही तुमच्या सर्व्हरला जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) काही लाख अंकांचा आकडा पाठवायचा, आणि सर्व्हर त्या मजकुराचा आकडा करण्यात गुंतून पडायचा. चार ओळींच्या विनंतीने मशीन झोपवायचं. म्हणून मजकुरातून आकडा आणि आकड्यातून मजकूर, दोन्ही दिशांना लगाम घातला. सिस मॉड्यूलमध्ये मर्यादा बदलायचं फंक्शन आहे, शून्य दिलं की मर्यादाच उठते. घरच्या मशीनवर भाचीने खुशाल उठवावी.

आता हेक्सला ही मर्यादा का नाही. पायथन मोठा पूर्णांक ३० बिटांच्या खणांत ठेवतं. भाचीच्या अॅरेसारखंच, फक्त खण एक अब्जाचा नाही, २ च्या ३० व्या घाताचा. बायनरीतून (०-१ च्या लेखनातून) हेक्समध्ये जायला काही हिशेबच लागत नाही: चार-चार बिटांची जुडी बांधायची आणि प्रत्येक जुडीला एक चिन्ह द्यायचं. १२३४५६ चे १२ | ३४ | ५६ पाडले की शंभराच्या बेसमध्ये (बेस म्हणजे अंकपद्धतीत एकूण किती चिन्हं) पोचलात, तसंच. उजवीकडच्या अंकाला डावीकडच्याची खबरही नसते.

दशमानात तसं नाही. लहान उदाहरण घ्या. ५ हा आकडा, त्यात वरचा एक बिट चालू करा, म्हणजे १०२४ मिळवा: १०२९. शेवटचा अंक पाचाचा नऊ झाला! वर कुठेतरी एक बिट हलला आणि थेट एकम स्थानावर धक्का. हेक्समध्ये तेच ००५ चं ४०५ होतं, शेवटचा ५ जागचा हलत नाही. म्हणजे दशमानात शेवटचा एक अंक कळायलासुद्धा आकडा अथपासून इतिपर्यंत चाळावा लागतो. एक अब्जाने भागा, बाकी म्हणजे शेवटचे नऊ अंक. भागाकार पुन्हा एक अब्जाने भागा, त्याच्या आधीचे नऊ. प्रत्येक वेळी उरलेल्या सगळ्या खणांवरून फिरायचं. अंक दुप्पट झाले की काम चौपट. दहापट झाले की शंभरपट.

मर्यादा आहे ती या चौपटीवर. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस या बेसना ती लागूच नाही, कारण तिथे अंक दुप्पट तर काम दुप्पटच.


चटणीभाकर · सोमवार, सकाळी ८:१५

+१ सदू. पण मग गणिताची पॅकेजं कोट्यवधी अंकांचे आकडे दशमानात छापतात ती कशी? चौपट-चौपट करत गेले तर जन्म जाईल.


श्टुटगार्टचा_सदू · सोमवार, दुपारी १:०२

(इथे सकाळ आहे, कॉफी घेत लिहितोय.)

ते नऊ-नऊ अंक सोलत बसत नाहीत, आकडा मधोमध चिरतात. समजा दहा लाख अंक आहेत. १० च्या पाच लाखाव्या घाताने एकदाच भागायचं. भागाकार म्हणजे डावे पाच लाख अंक, बाकी म्हणजे उजवे पाच लाख. मग दोन्ही तुकड्यांना तीच वागणूक. वीसेक थरांत काम संपतं.

इथे एक गोम आहे, बरेच लेख ती गाळतात. नुसतं चिरून काहीच वाचत नाही. तो पहिला मोठा भागाकार शाळेतल्या पद्धतीने केलात तर सगळा वेळ तोच खातो, एकूण हिशेब पुन्हा चौपटीचाच. फायदा होतो तो मोठ्या आकड्यांचा गुणाकार झटपट करायच्या युक्त्या आहेत म्हणून. कारात्सुबाची १९६० सालची, श्योनहागे आणि श्ट्रासेन यांची १९७१ ची. भागाकाराला गुणाकारांवर बसवता येतं, म्हणून तोही स्वस्त होतो. जीएमपी ही मोठ्या आकड्यांची लायब्ररी हेच करते. जावाचा बिगइंटिजर (तिथला मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) आवृत्ती ८ पासून. पायथनने ३.१२ पासून फार मोठ्या आकड्यांसाठी काम स्वतःच्याच डेसिमल मॉड्यूलकडे सोपवलंय, पण ४३०० चा लगाम तिथेही आहेच.

आणि हो, उजवा तुकडा डावीकडून शून्यांनी भरायचा राहिला की भाचीचीच चूक, फक्त लाखो घरांच्या मापात.


निवृत्त_मास्तर · सोमवार, दुपारी ३:४५

धागा वाचून हात शिवशिवले. चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे, थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

भागत जायचं आणि बाक्या मांडायच्या, म्हणजे अंक उजवीकडून डावीकडे निघतात. आपल्याकडे "अंकानां वामतो गतिः" म्हणतात ते हेच. प्रोग्रामरला शेवटी मजकूर उलटा करावा लागतो म्हणे. आम्ही वहीच्या उजव्या कडेपासून लिहीत असू, उलटं करायची वेळच येत नसे.

आणि बेस एकच असला पाहिजे असंही नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. १००० पै म्हणजे किती? आधी १२ ने भागा: ८३, बाकी ४. मग ८३ ला १६ ने: ५, बाकी ३. उत्तर पाच रुपये तीन आणे चार पै. सदूरावांनी सांगितलेलीच रीत, फक्त प्रत्येक पायरीला भाजक वेगळा. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी, तेही असंच. ही आकडेमोड माझे वडील पेढीवर बसून तोंडी करत. सोळाचा बेस त्यांना कोणी शिकवला नव्हता, पण सोळा आणे कळत होते.

मजकुरात मोठा आकडा लिहिण्याचा छंदही जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये एका युगातल्या सूर्याच्या फेऱ्या दोन अक्षरांत लिहिल्या: ख्युघृ. ख म्हणजे २, य म्हणजे ३०, आणि त्यांना लागलेला उकार म्हणजे दहा हजाराचं घर. झाले ३,२०,०००. घ म्हणजे ४ आणि ऋ म्हणजे दहा लाखाचं घर. झाले ४०,००,०००. बेरीज ४३,२०,०००. व्यंजन अंक सांगतं, स्वर स्थान सांगतो. घरं शंभराच्या पटीत चढतात, म्हणजे तुमच्या भाषेत बेस शंभर. स्थान अक्षरातच असल्यामुळे घृख्यु असं उलटं लिहिलं तरी किंमत तीच. आणि मधली रिकामी घरं लिहावीच लागत नाहीत, तेव्हा शून्यं गळायचा प्रश्नच नाही! आर्यभटाच्या वर्गात भाची पहिली आली असती.


खडीसाखर · सोमवार, संध्याकाळी ६:२०

मास्तर, साष्टांग नमस्कार. भाचीने ख्युघृ वहीच्या कव्हरवर लिहून टाकलंय.

तिचं एक खूळ: हेक्समध्ये नवाच्या पुढे इंग्रजी अक्षरं कशाला? १० ते १५ ला क ख ग घ ङ च घ्या. मग बुद्धिबळाच्या पटावरचे सगळे गहू, २ चा ६४ वा घात वजा एक, दशमानात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आणि तिच्या हेक्समध्ये चचचच चचचच चचचच चचचच. घरात सगळे च च च करत फिरताहेत.


चटणीभाकर · सोमवार, संध्याकाळी ६:४४

😂 मला पटलंय. या हिशेबाने सगळ्यात मोठ्या ज्ञात अविभाज्य संख्येला च शिवाय काही लागणारच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली ती, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. दशमानात ४,१०,२४,३२० अंक. हेक्समध्ये एक १ आणि त्यापुढे ३,४०,६९,९६० वेळा च. पाठच करून टाकतो.


मांडवीकाठ · सोमवार, रात्री ९:१०

बेस कुठला घ्यावा हा ताईंच्या शीर्षकातला नसला तरी धाग्याच्या पोटातला प्रश्न आहे, म्हणून आमच्याकडचा किस्सा. कंपनीचं नाव विचारू नका.

एका दुकानदाराला कुपनं हवी होती. क्रमांक डेटाबेसमधला, पण ग्राहकाला तो थेट दाखवायचा नाही आणि मजकूर आखूड हवा. म्हणून बेस ६२: दहा आकडे, सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस छोटी. कुपनं छापणारा प्रोग्राम सी मधला, जीएमपी वापरणारा. काउंटरवर वाचणारा गो भाषेतला, तिची स्वतःची बिग लायब्ररी. दोघींनाही बेस ६२ येतो, कागदपत्रांत लिहिलंय, मग काय, जोडून दिलं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काउंटरवर भांडणं. कुपन चालत होतं, पण भलत्याच माणसाच्या नावाने! कुठेही एरर नाही.

कारण काय, तर जीएमपी ३६ च्या वरच्या बेसमध्ये आकड्यांनंतर आधी मोठी अक्षरं घेते, मग छोटी. गो आधी छोटी घेते, मग मोठी. मोठं ए जीएमपीत १० आणि गो मध्ये ३६. छोटं ए बरोबर उलट. दहाव्या क्रमांकाचं कुपन मोठं ए म्हणून छापलं गेलं, काउंटरने ते छत्तिसावं म्हणून वाचलं, आणि छत्तिसावं कुपनही खरंच अस्तित्वात होतं. मग तक्रार करणार कोण? "छोटं ए, शून्य" हा मजकूर एकीकडे २२३२, दुसरीकडे ६२०.

चाचणी केली नव्हती असं नाही. केली होती. क्रमांक १ ते ९ टाकून.


पायलीचे_पंधरा · सोमवार, रात्री ९:२५

एक ते नऊ!! हे वाचून हसू की रडू. जावावाले याहून भाग्यवान. तिथे बिगइंटिजरला बेस ६२ मागा, तो ३६ च्या पुढे जात नाही, पण तक्रारही करत नाही. गुपचूप दशमानात छापून देतो. कागदपत्रांत तसं स्वच्छ लिहिलंय, वाचतो कोण.


श्टुटगार्टचा_सदू · सोमवार, रात्री ११:०५

३६ पर्यंत सगळे एकमताने चालतात, कारण आकडे दहा, अक्षरं सव्वीस, छोटं-मोठं एकच. त्याच्या पुढे जो तो आपापला. चिन्हांचा क्रम लिहून ठेवल्याशिवाय "बेस ६२" या शब्दाला अर्थच नाही. बेस ५८ बघा, बिटकॉइनचा. ६२ मधून शून्य, मोठं ओ, मोठं आय आणि छोटं एल काढलं, कारण डोळ्यांना ते एकमेकांसारखे दिसतात. शिवाय मजकुराच्या सुरुवातीची शून्यं टिकवायला त्यांनी वेगळा नियम केला: पुढच्या प्रत्येक शून्य-बाइटला एक १. संख्या म्हणून बघितलं तर पुढच्या शून्यांना किंमत नाही, पण पत्ता म्हणून बघितलं तर आहे.


मांडवीकाठ · मंगळवार, सकाळी ९:३०

आम्ही शेवटी क्रॉकफर्डच्या बेस ३२ वर आलो. आय, एल, ओ, यू ही अक्षरं नाहीतच. कोणी चुकून ओ टाकलं तर शून्य धरायचं, आय किंवा एल टाकलं तर एक. छोटं-मोठं सारखंच. फोनवर सांगता येतं. लांबी वाढते, १२८ बिटांना बेस ६२ मध्ये २२ चिन्हं आणि इथे २६. चार चिन्हांसाठी मी पुन्हा ते दुपारचं भांडण ओढवून घेणार नाही.


चटणीभाकर · मंगळवार, सकाळी १०:१२

असहमत. चार चिन्हं ही छोटी गोष्ट नाही, एसएमएसमध्ये आणि क्यूआरमध्ये जागा मोजून मिळते. तुमची चूक बेस ६२ ची नव्हती, दोन लायब्रऱ्या न तपासता जोडल्याची होती. चिन्हांची यादी स्वतः लिहा, एकाच ठिकाणी ठेवा, दोन्हीकडे तीच वापरा.


मांडवीकाठ · मंगळवार, सकाळी १०:४०

आणि तो मजकूर मायएसक्यूएलच्या साध्या कॉलममध्ये ठेवा. तिथली मूळची जुळवणी (कोलेशन, मजकूर ताडायचा नियम) छोटं-मोठं अक्षर एकच मानते. म्हणजे क्रमांक १० आणि क्रमांक ३६ हे एकच कुपन. युनिक इंडेक्स असेल तर दुसरं घालताना निदान एरर तरी येईल. नसेल तर शोधताना दोन्ही ओळी हातात. आता सांगा.


चटणीभाकर · मंगळवार, सकाळी १०:५५

कॉलमला बायनरी जुळवणी द्या की. पण ठीक आहे, अर्धा मुद्दा तुमचा. क्यूआरबद्दल मीही जरा घाईत बोललो. त्यात आकडे आणि मोठी अक्षरं आखूड बसतात, छोटं अक्षर आलं की प्रत्येक चिन्ह जास्त जागा खातं. तिथे तुमचा बेस ३२ च बरा.


सोसायटीचा_सेक्रेटरी · मंगळवार, दुपारी १२:२०

तुमचे सगळे बेस राहू देत, आम्हाला दशमानच झेपत नाही. ठेकेदारांचे बँक खाते क्रमांक एक्सेलमध्ये टाकले. सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य झाला. दुसऱ्याच्या खात्याच्या सुरुवातीची दोन शून्यं उडाली. तिसरा ई अधिक पंधरा असं काहीतरी दाखवतो. पैसे परत आले म्हणून बरं, नाहीतर एजीएममध्ये माझी हजामत होती.


पायलीचे_पंधरा · मंगळवार, दुपारी १२:४५

सेक्रेटरीसाहेब, एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता ठेवतो. सोळावा अंक टाकलात की तिथे शून्य. नंतर फॉरमॅट बदलून तो अंक परत येत नाही, तो गेलाच. क्रमांक टाकायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा किंवा आकड्याआधी एक एकेरी अवतरण चिन्ह द्या. खाते क्रमांक ही संख्या नाहीच. त्याची बेरीज तुम्ही कधी करणार आहात का?

हाच रोग जावास्क्रिप्टमध्ये थोडा पुढे सुरू होतो. ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत पूर्णांक सुरक्षित. ९००७१९९२५४७४०९९३ लिहा, छापताना शेवटी २ येतो. ट्विटरने २०१० मध्ये आपले ट्विट क्रमांक संख्येबरोबर मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली ती याच भीतीने. आता मोठ्या पूर्णांकांसाठी बिगइंट आहे, पण जेसन वाचणारं साधं फंक्शन अजूनही जुन्याच संख्येत वाचतं.


सोसायटीचा_सेक्रेटरी · मंगळवार, दुपारी १:१०

बेरजेचा मुद्दा बिनतोड. धन्यवाद. आता निदान खर्चाचा ताळेबंद तरी लाख-कोटीत स्वल्पविराम घालून कसा छापायचा ते सांगा. नातवाने पायथनमध्ये करून दिलंय, पण १,२३४,५६७ असं येतं. सभासदांना वाटतं विलायतेहून ऑडिट करून आणलं.


श्टुटगार्टचा_सदू · मंगळवार, दुपारी २:३०

पायथनचा स्वल्पविरामाचा फॉरमॅट तीन-तीनचेच गट पाडतो. (अंडरस्कोर वापरला तर हेक्स-बायनरीत चार-चारचे, ते छान दिसतं.) आपल्या गटांसाठी नातवाला सांगा: शेवटचे तीन अंक बाजूला काढ, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोन पाड. चार ओळींचं काम. ऋण चिन्ह आधी वेगळं काढायला विसरू नकोस म्हणावं, नाहीतर उणे दहा लाखात उणे चिन्हाच्या लगेच पुढेही स्वल्पविराम पडतो.

वेबपानावर करायचं असेल तर ब्राउझरला मराठी येतं. लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) मराठी-भारत दिलं की १२,३४,५६७ असं देवनागरी अंकांसकट मिळतं, बिगइंटलाही चालतं. हिंदीचं लोकेल दिलं तर गट तसेच, पण अंक इंग्रजी. मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे नाहीत. आपल्यासाठी कोणीतरी भांडलं असणार.

उलट्या दिशेने गंमत अशी की पायथन देवनागरी अंक थेट वाचतं. "१२३" या मजकुराचा पूर्णांक मागा, मुकाट एकशे तेवीस मिळतात. जावास्क्रिप्ट मात्र हात वर करतं.


निवृत्त_मास्तर · मंगळवार, दुपारी ४:००

कोटीच्या पुढे स्वल्पविराम कशाला मोजता? लीलावतीत नावं दिली आहेत: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. भाचीबाईंचे पटावरचे गहू १८४ परार्ध आणि वर चिल्लर. सोसायटीच्या ताळेबंदाला पुरून उरेल.


रिकामटेकडा_१९ · मंगळवार, संध्याकाळी ५:१५

मी पहिल्या दिवशी कुत्सित बोललो होतो, आता धागा वाचनखुणेत टाकलाय. एकच शंका. ऋण संख्या हेक्समध्ये कशा छापायच्या? मला कधी उणे एक दिसतं, कधी सोळा वेळा एफ.


पायलीचे_पंधरा · मंगळवार, संध्याकाळी ५:४०

दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे आहेत. "या संख्येची किंमत लिही" म्हटलं तर उणे एक. "६४ खणांत कुठले बिट चालू आहेत ते दाखव" म्हटलं तर सोळा एफ. जावात लाँगसाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत, एक हे देतं, एक ते. पायथनच्या पूर्णांकाला ठरावीक रुंदीच नसते, त्यामुळे तिथे नेहमी उणे चिन्ह.

भाची सी मध्ये आहे म्हणून तिच्यासाठी अजून एक खड्डा: ऋण आकडा छापायला आधी चिन्ह काढून धन करायचा आणि मग भागत बसायचं, असं सगळे लिहितात. उणे ९२२३३७२०३६८५४७७५८०८ ला ते चालत नाही. त्याचा धन जोडीदार ६४ बिटांच्या चिन्हासकट (साइन्ड) प्रकारात मावतच नाही, एकाने हुकतो. उलट करायचं: धन आकडा असेल तर त्याला ऋण करायचा आणि ऋण बाजूनेच बाक्या काढायच्या. तिथे एक घर जास्त आहे.


खडीसाखर · बुधवार, रात्री ८:५०

असाइनमेंट गेली, पोरगीही गेली. एसटीत बसवून आले. जाण्याआधी तिने दोन गोष्टी केल्या, त्या इथे लिहायला सांगितल्या आहेत.

एक, मांडवीकाठ यांच्या किश्शानंतर तिने चाचणी बदलली. १! पासून ५००! पर्यंत प्रत्येक उत्तर २ ते ३६ प्रत्येक बेसमध्ये छापायचं, तो मजकूर परत वाचून आकडा करायचा, आणि मुळाशी ताडायचा. रात्रभर लागेल म्हणून लॅपटॉप तसाच ठेवून झोपली. पाणी प्यायला उठून बघितलं तर कधीच संपलं होतं.

दोन, १०००! च्या शेवटी किती शून्यं येतात यावर आमची पैज लागली होती. दशमानात २४९, हे तिने कागदावर पाचाच्या, पंचवीसच्या, सव्वाशेच्या आणि सहाशे पंचवीसच्या पटी मोजून आधीच सांगितलं होतं: २००, ४०, ८ आणि १. मी म्हटलं हेक्समध्ये कितीतरी जास्त असतील, दोनाच्या पटी पाचापेक्षा भरमसाट असतात ना. तिने छापून मोजली. २४८.

मी पैज हरले, पन्नास रुपये गेले. दोनाच्या पटी ९९४ निघतात, पण हेक्सच्या एका शून्याला चार लागतात. मास्तर, याला सोळा आण्यांचा काही हिशेब बसतो का?


निवृत्त_मास्तर · बुधवार, रात्री ९:३०

बसतो. ९९४ ला ४ ने भागा, बाकी २ उरते. म्हणजे २४८ शून्यांच्या आधीचा अंक सोळा आण्यांतला पावलीचा: ४ किंवा १२, दुसरा निघूच शकत नाही. कुठला ते भाचीला विचारा.


खडीसाखर · बुधवार, रात्री ११:४५

गाडी साताऱ्याला पोचली. फोन केला. म्हणते लॅपटॉप उघडून सांगते, पण यावेळी पैज शंभरची.